देवगडला कोंबड्या नेल्या नाहीत, त्याची हकिगत

दापोलीहून बिऱ्हाड देवगडकडच्या आमच्या गावच्या घरी हलवायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. ह्यांची निवृत्ती तोंडावर आलेली, सासूबाई गावी एकट्या आणि भाड्याच्या घराचा मालक कलमांसकट जागा विकायच्या घाईत. मे महिन्यात निघायचं म्हणून मी सामानाची यादी करायला घेतली. कपाटं, गॅस, शिलाई मशीन, तुळशीचं वृंदावन आणि सगळ्यात शेवटी कोंबड्या. वीस-बावीस असतील: बऱ्याचशा गावठी, चार-पाच गिरिराज, काही मिसळ जातीच्या आणि एक तांबडा कोंबडा. त्याला बघायला शेजारची माणसं यायची, इतका तो देखणा होता. टेम्पोवाल्याने कोंबड्यांचे वेगळे पैसे सांगितले होते. ते जास्त आहेत म्हणून आमचा वाद चालला होता, तेवढ्यात शिमग्याच्या मागेपुढे कळप शिंकायला लागला.

कोंबडी शिंकते म्हणजे कशी, हे ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगते. मान झटकून बारीक ‘पिच्च’ असा आवाज काढते. दिवसा अंगणातल्या गडबडीत तो कानावर पडत नाही. रात्री डालल्यावर बॅटरी न लावता खुराड्यापाशी उभं राहिलं की कळतं, आत घरघर चालू आहे. दोन दिवसांत एका तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, डोळा सुजून बंद झाला, गालफड फुगलं, नाकाशी चिकट पाणी जमलं. तिला हातात घेतली तर तोंडाला असा घाण वास, की पहिल्यांदा वाटलं आत काहीतरी सडलंय. मग दुसरी, मग चार-पाच एकदम. अंडी जवळजवळ बंद. मेल्या मात्र फारशा नाहीत.

गावात याला सरसकट ‘मर’ म्हणतात. मानमोडी असो, देवी असो, हगवण असो, सगळी मरच. औषधही सगळ्यांना एकच: हळद, लसूण आणि पाण्यात चिमूटभर काहीतरी. शेजारच्या काकींनी मायेने कांद्याचा रस आणून दिला. बाजारातल्या एका दुकानदाराने कोंबडी न बघताच एक पुडी काढून दिली आणि ‘हीच चालते’ म्हणून सांगितलं. ती पुडी मी उघडली नाही. कोणत्या रोगावर काय देतोय हेच माहीत नसेल तर औषध देऊन कोंबडी बरी होवो न होवो, रोग ओळखणं तेवढं अवघड होऊन बसतं.

पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. तिथे नंबर लागला नाही तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून लिहिते. डॉक्टर आले ते मास्क आणि हातमोजे घालूनच. आल्या आल्या त्यांनी कोंबड्यांकडे बघायच्या आधी मला प्रश्न विचारले. किती मेल्या? किती तासांत? तुरा निळा-काळा पडला का? आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले का? दापोलीकरांना हे प्रश्न का, ते समजावून सांगावं लागत नाही. २०२१ च्या जानेवारीत इथल्याच मेलेल्या कावळ्यांचे नमुने बर्ड फ्लूसाठी पॉझिटिव्ह आले होते. आणि आम्ही हललो त्याच वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, उरण तालुक्यातल्या चिरनेरला परसातल्या कोंबड्यांमध्ये तो निघाला होता. तशी शंका असती तर नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले असते. खरं निघालं असतं तर आजूबाजूच्या एक किलोमीटरमधल्या सगळ्यांच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या असत्या आणि पक्ष्यांच्या ने-आणीवर बंदी आली असती. मग आमच्या टेम्पोचा प्रश्नच उरला नसता. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे बर्ड फ्लू, राणीखेत अशा रोगांची शंका आली तरी कळवणं मालकाला बंधनकारक आहे. कळवलं की आपल्याच कोंबड्या मारतील, या भीतीने माणसं गप्प बसतात. तोवर मेलेल्या कोंबड्या व्हाळात फेकून झालेल्या असतात, आणि व्हाळाच्या खालच्या अंगाला दुसऱ्या कुणाच्या तरी कोंबड्या पाणी पीत असतात.

त्या दिवशी सकाळीच एक कोंबडी मेली होती. ती दोन पिशव्यांमध्ये बांधून, बर्फ घालून दवाखान्यात आणा, म्हणाले. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठली की आतलं नीट बघता येत नाही. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर त्यांनी ती माझ्यासमोरच उघडली. जन्मभर कोंबड्या साफ करत आलेय मी, पण एवढं लक्ष देऊन आत कधी बघितलं नव्हतं. आधी त्यांनी पोट्याच्या अलीकडचं लहान जठर चिरून उलटं केलं. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी असती तर त्याच्या आतल्या बाजूला रक्ताचे लाल ठिपके दिसले असते. ते नव्हते. हिरवट-पांढरी हगवण किंवा मान वाकडी होणं हेही आमच्याकडे कुणाला नव्हतं. मग बरगड्यांच्या आतला एक पातळ पडदा त्यांनी चिमट्याने उचलून धरला. कोंबडीच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यातली ती एक. चांगल्या कोंबडीत ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी आरपार दिसते. हिची गढूळ झाली होती, आत पिवळसर साका आणि फेस. नाकाच्या पोकळीत चिकट घाण दाटलेली.

“दोन रोग एकत्र असावेत,” डॉक्टर म्हणाले. “वास आणि सुजलेलं तोंड म्हणजे कोरायझा. हवेच्या पिशव्या अशा होतात त्या सीआरडीत, म्हणजे श्वासाच्या जुनाट रोगात. ताई, ही जोडी नेहमीची आहे.”

दोन्ही जिवाणूंचे आजार. कोरायझा अंगावर धावून आल्यासारखा येतो, एक ते तीन दिवसांत एकीकडून दुसरीकडे जातो, गाजावाजा फार आणि मरतुक कमी. सीआरडी हळू चालतो. तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा. दिसेपर्यंत दोन-तीन आठवडेही निघून जातात, आणि पुष्कळ कोंबड्यांत तो काहीच न दाखवता नुसता राहतो. आमच्या कळपात आला कुठून, हे नक्की सांगता येणार नाही. घरमालकाने राखणीसाठी, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला द्यायला, बाजारातून आणलेला एक कोंबडा आमच्याच अंगणात काही दिवस बांधलेला होता आणि तो नाकाने फुरफुरत होता, एवढं मला आठवतं. पण मोकाट कोंबड्यांच्या गावात कुणा एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नसतो.

उपचाराचं फार सांगण्यासारखं नाही. पाण्यातून अँटिबायोटिक, दुसरं पाणी कुठेच ठेवायचं नाही, चिकटलेले डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचे, खुराड्यातली ओली शेण-माती काढून कोरडा भुसा. औषध चालू असताना आणि त्यानंतर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच. हा नियम किती घरांत पाळतात, देव जाणे. आठवड्याभरात सूज उतरली, वास गेला, तांबडा पहाटे पुन्हा बोंबलायला लागला. मी गावी फोन करून कळवलं की कोंबड्या सुधारल्या, आणतो.

फोन थोरल्या चुलत जाऊबाईंनी घेतला होता. वैनींच्या स्वतःच्या पंधरा-सोळा कोंबड्या आमच्या घराच्या मागच्याच अंगणात फिरतात. वाडीतल्या सगळ्यांच्याच तशा, कुणाचं खुराडं कुठे आणि चरणं कुठे. त्या म्हणाल्या, “हाड गो, हय जागा काय कमी आसा? पण आदी त्या डाक्टराक इचार. गेल्या पावसात मर इली तेवा वाडीत आरवाक म्हणान कोंबडो उरलो नाय.”

विचारलं. उपचार झाले, आता प्रवासाला कधी नेऊ, एवढंच मला विचारायचं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“बऱ्या झाल्या म्हणजे दिसायला बऱ्या झाल्या,” ते म्हणाले. “कोरायझातून उठलेली कोंबडी रोग बाळगून राहू शकते. मायकोप्लाझ्मा तर जन्मभर. औषधाने तो दबतो, जात नाही. तुम्ही त्यांना मेच्या उन्हात डालग्यात कोंबून गाडीतून दिवसभर हलवत नेणार. नवं पाणी, नवी जागा, नव्या कोंबड्यांशी भांडणं. असा ताण आला की दबलेला रोग वर येतो. त्या पुन्हा शिंकायला लागतील, आणि शिंकतील त्या तुमच्या जाऊबाईंच्या कोंबड्यांच्या तोंडावर.”

हे ऐकून मी घरी आले आणि पुढचे कितीतरी दिवस यातून वाट काढायचा प्रयत्न केला. माझ्या जागी कुणीही हेच करेल, म्हणून कोणकोणत्या वाटा बघितल्या ते सविस्तर लिहिते.

पहिला विचार आला तो अंड्यांचा. कोंबड्या राहू देत, तांबड्याची अंडी नेऊ, वैनींची एखादी खुडूक कोंबडी बघून तिच्याखाली रवणीला घालू. वंश तर टिकेल! आमच्या ह्यांना ही युक्ती भलतीच आवडली. डॉक्टरांनी ती अर्ध्या मिनिटात मोडीत काढली. कोरायझा अंड्यातून जात नाही, हे खरं. पण मायकोप्लाझ्मा आईकडून अंड्यातून पिल्लात उतरतो. सगळ्याच अंड्यांतून नाही, पण एखादं पिल्लू पुरतं. वरून पिल्लू गोजिरवाणं, त्यामुळे त्याला वेगळं ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही. मोठी आजारी कोंबडी निदान शिंकून तरी सांगते.

मग म्हटलं, तपासणी करून घेऊ. ज्या निगेटिव्ह निघतील तेवढ्याच नेऊ. पंखाच्या खालच्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवले. ही चाचणी बघायला सोपी आहे. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं त्याचा एक थेंब आणि तयार जांभळट द्रवाचा एक थेंब काचेवर एकत्र ढवळायचा. दोन मिनिटांत दाणे धरले तर कोंबडीच्या अंगात त्या रोगाविरुद्धची द्रव्यं आहेत. आमच्या बहुतेक नमुन्यांत दाणे धरले. तीन-चार कोऱ्या निघाल्या, त्यात लेकीची लाडकी चिमीही होती. लेकीचा पुण्याहून लगेच फोन, “चिमीला तरी ने ना, आई.” पण ही चाचणी एकट्यादुकट्या कोंबडीसाठी नाही, कळपासाठी वाचायची असते. नुकती लागण झालेल्या कोंबडीच्या रक्तात द्रव्यं तयार व्हायलाच काही दिवस जातात. एका खुराड्यात, एका भांड्यातलं पाणी पिऊन वाढलेल्यांपैकी चार जणी कोऱ्या निघाल्या, याचा अर्थ त्या वाचल्या असा होत नाही.

तिसरी वाट कायम बंदिस्त ठेवण्याची. दापोलीत असतो तर हीच निवडली असती. असा कळप पाळता येतो: नवीन पक्षी आत आणायचा नाही, इथला बाहेर द्यायचा नाही, अंडी खायची, आणि शेवटची कोंबडी म्हातारी होऊन जाईपर्यंत तसंच चालू द्यायचं. हलवायचं नसेल तर हे वाईट नाही. माझ्या ओळखीत एक बाई असंच करतात आणि त्यांची अंडी चालू आहेत. पण वैनींच्या अंगणाला कुंपण नाही. असतं तरी कावळे-चिमण्या खाद्यावर येतात, माणसांच्या चपला इकडच्या तिकडे होतात. जन्मभराची बंदी घालायला घर स्वतःचं आणि एकटं लागतं.

राहिली विक्री. आमचं हलणं बाजारात कळलं होतं. गावठी कोंबड्यांचा एक व्यापारी दारात येऊन सगळा कळप एकरकमी मागायला लागला, भावही बरा देत होता. मी रोगाचं सांगितलं. त्याला काही वाटलं नाही. “आता तर टकाटक दिसतायत की ताई!” तो त्या कोंबड्या जिवंत नेणार, दुसऱ्या बाजारात दुसऱ्या कोंबड्यांच्या टोपलीत घालणार, आणि त्यातल्या निम्म्या कापल्या न जाता कुणाच्यातरी अंगणात पाळायला जाणार. देवगडच्या वैनींच्या कोंबड्या वाचवायच्या आणि मंडणगडच्या कुणाच्या तरी मारायच्या, हा हिशेब मला पटेना. शेजारच्या काकींनी ‘मला दे’ म्हटलं तेव्हा मात्र नाही म्हणणं जड गेलं, कारण त्यांच्या कोंबड्यांना बहुधा आधीच लागण झालेली होती. शेवटी त्यांना दिल्या, त्या कापूनच दिल्या.

म्हणजे सगळ्या कापायच्या, हे ठरलं. हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत आणि औषधाचे दिवस उलटून गेले होते, त्यामुळे मांस खायला हरकत नव्हती. एप्रिलभर दर रविवारी वडे-कोंबडी, मधल्या वारी शेजाऱ्यांकडे डबा. लिहिताना हे गमतीचं वाटतं, करताना नव्हतं. गावठी कोंबडी आपण खायलाच पाळतो, सणावाराला हातही कचरत नाही. पण एक-एक निवडून कापणं वेगळं आणि खुराडं रिकामं करायचंच म्हणून कापणं वेगळं. चिमीच्या वेळी मी घरात नव्हते, ते ह्यांनी परस्पर उरकलं आणि त्यावर आमच्यात बोलणं झालं नाही. पिसं, आतडी, डोकी मात्र मी स्वतः पुरली. कमरेएवढा खड्डा, वर चुना, त्यावर माती आणि जांभ्याचे दगड. नाहीतर कुत्रे रात्रीत उकरतात आणि सकाळी वाडीभर पिसं.

तांबड्यावरून गावी वेगळंच नाट्य झालं. नव्या घरी बिऱ्हाड येतंय तर राखणदाराला कोंबडा द्यायला हवा, आणि तो घरचाच हवा, असं सासूबाईंच्या मनात होतं. कापायलाच तर आणतोय, एका रात्रीने काय होणार? मलाही क्षणभर तसं वाटलं. पण ती एक रात्र तो मागच्या अंगणातच असणार, वैनींच्या कोंबड्यांसमोर. शेवटी ‘त्याच वाडीतला कोंबडा राखणदाराच्या ओळखीचा असतो’ असं ह्यांनी आईला पटवलं. हे शास्त्र त्यांनी तिथल्या तिथे तयार केलं, पण चाललं.

सामानाचा भाग उरला. मोकळं झाल्यावर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण कोंबड्या गेल्या म्हणजे रोग गेला असं वाटतं. कोरायझाचा जिवाणू कोंबडीच्या बाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. मायकोप्लाझ्माही कपड्यांवर, पिसांवर दोन-चार दिवसच. तेवढ्यापुरतं बघितलं तर शेवटची कोंबडी कापल्यावर निघायला दोन-तीन आठवडे असले की पुरे, आणि आम्हाला तेवढे होते. पण कळपात काय काय दडलेलं असतं ते आपल्याला सगळं थोडंच माहीत असतं? मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू पिसांच्या धुळीत महिनोन्महिने राहतो. हगवण लावणाऱ्या कॉक्सी नावाच्या परजीवीची अंडी कोकणातल्या ओल्या मातीत तर आरामात राहतात. म्हणून नियम केला: धुऊन वाळवता येतं ते न्यायचं, येत नाही ते नाही. लाकडी खुराडं मोडून पाणी तापवायच्या चुलीत घातलं. बांबूची डालगी, अंड्यांची टोपली, अर्धं पोतं खाद्य, काहीही टेम्पोत चढलं नाही. शेणखत घरमालकाच्या कलमांना गेलं. सासूबाईंना ते परसातल्या भाजीला हवं होतं, तरीही.

पत्र्याची भांडी आणि प्लास्टिकची पाण्याची डबी घेतली. ती आधी साबणाने घासून, मग ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात. हा क्रम महत्त्वाचा, कारण वर घाण असेल तर ब्लिचिंग त्या घाणीवरच खर्ची पडतं. नंतर कडक उन्हात वाळवणं, हे सगळ्यात स्वस्त औषध. पण त्या वर्षीचं ऊन! मे महिन्याच्या विसाव्या तारखेपासूनच पाऊस कोसळायला लागला, आणि २५ मे ला तर मान्सून चक्क देवगडपर्यंत येऊन ठेपला. भांडी दोनदा वाळत घातली, दोनदा भिजली. शेवटी चुलीच्या उबेला ठेवून कोरडी केली. खुराड्यात जायच्या चपला तिथेच टाकल्या. टेम्पो ठरवतानाही एक गोष्ट बघून घेतली. आधी बोललेला टेम्पोवाला एरवी ब्रॉयलरच्या जाळ्या वाहायचा, आणि तळाशी पिसं चिकटलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. दुसरा बघितला. भाडं जास्त पडलं, पण कोंबड्यांचे वेगळे पैसे वाचले होते.

गावी पोचल्यावर वैनींनी पहिल्यांदा टेम्पोच्या मागे डोकावून बघितलं. कोंबड्या नाहीत म्हटल्यावर त्या थोड्या हिरमुसल्याच. त्यांना तांबडा बघायचा होता.

नवीन पिल्लं घ्यायची घाई केली नाही. पावसात पिल्लांना ऊब द्यायची तर चोवीस तास बल्ब, आणि आमच्या गावात पावसाळ्यात वीज कधी असते, कधी नसते. गणपती झाल्यावर एक दिवसाची पिल्लं मागवली, कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातली, फोंडा घाटाने खोक्यातून आली. बाजारात फिरणाऱ्या सायकलवाल्याकडे पिल्लं निम्म्या दरात मिळतात, रंगवलेलीसुद्धा. पण ती कुठल्या कळपातली आणि मरेक्सची लस टोचलेली की नाही, हे तोही सांगू शकत नाही. ती लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यावी लागते, नंतर उपयोग नाही.

पिल्लं आठवड्याची होत आली तेव्हा राणीखेतच्या लासोटा लशीचा प्रश्न आला. इथे एक अडचण सगळ्याच परसातल्या कोंबडीवाल्यांना येते. लहानातली लहान बाटलीसुद्धा शंभर पक्ष्यांची, आणि एकदा पाणी घालून विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवून चालत नाही. माझी पिल्लं पंचवीस. मग उरलेल्या डोसांचं काय? म्हटलं, वाडीच्याच कोंबड्यांना देऊ.

वैनी म्हणाल्या, “लस घातल्यार कोंबडे मरतत. मागे घातलेली तेवा दोन दिसात गेले.” यात तथ्य नाही असं नाही. वाडीत मर आल्यावर लस दिली तर आत लागण झालेल्या मरतातच आणि नाव लशीचं होतं. शिवाय सीआरडी असलेल्या कळपात ही जिवंत लस दिली की शिंका उसळतात. म्हणून इथल्या पशुधन पर्यवेक्षकांनी आधी दोन संध्याकाळी खुराड्यांपाशी उभं राहून घरघर ऐकली. ज्यांच्याकडे ऐकू आली त्यांची दोन घरं वगळली.

लस द्यायची ती संध्याकाळी, डालल्यावर. दिवसा गावठी कोंबडी पकडायची तर वाडीतली पोरं दमतात. थर्मासमध्ये बर्फ, त्यात बाटली. सोबतच्या द्रवात पावडर विरघळवली की घड्याळ सुरू. एकाने कोंबडी काखेत धरायची, दुसऱ्याने डोळ्यात एक थेंब सोडायचा, आणि कोंबडी पापणी मिटेपर्यंत थांबायचं. थेंब गालावरून ओघळला तर तो मोजायचा नाही, पुन्हा घालायचा. घाईत इथेच चुकतं. वाटतं सगळ्यांना दिलं, आणि निम्म्यांच्या पिसांना दिलेलं असतं. शेवटच्या घराशी पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि वैनींचा नातू थेंब सोडण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा तरबेज झाला होता. अठ्ठावीस दिवसांच्या सुमाराला दुसरी लासोटा झाली, मग आठ आठवड्यांनंतरची आर-टू-बी, ही राणीखेतचीच दुसरी लस, पर्यवेक्षकांनी येऊन टोचली. मधे देवीची पंखात टोचायची लसही झाली, कारण आमच्याकडे डास म्हणजे विचारू नका आणि देवी पसरते ती मुख्यतः डासांनी.

आता तलंगा अंगात आल्यात, जाळीला चोची मारतात, बाहेर सोडा म्हणून ओरडतात. सोडल्या की त्या वैनींच्या कोंबड्यांत मिसळणार. एवढं सगळं करून मी नवा कळप स्वच्छ आणला, पण वैनींचा जुना कळप स्वच्छ आहे का? फोनवर सांगितलेल्या त्या मरीतून त्यांच्याकडच्या काही वाचल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आधी त्यांचंही रक्त तपासा. हे मी कसंबसं, चहा पिताना, विषयात विषय काढून वैनींना सांगितलं.

“माज्या कोंबड्यांचा रगात कशाक व्हया? त्येंका काय्येक झाला नाय!”

आठवडाभर त्या माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. मग एक दिवस आपणच येऊन म्हणाल्या, काढा, पण दोनच कोंबड्यांचं, आणि खाटकेऱ्या हाताने नको. दोघींवरून काही कळत नाही, निदान सहा-सात तरी लागतील, यावर अजून घासाघीस चालू आहे. पर्यवेक्षक येत्या आठवड्यात येतो म्हणालेत. रिपोर्ट खराब आला तर कुणाच्या कोंबड्या जाळीत राहायच्या, यावरून घरात आत्ताच दोन तट पडलेत आणि सासूबाई वैनींच्या बाजूला आहेत.